विश्लेषण : स्टेक महागला, मग रेस्तराँत कोणता ‘कट’ मागवायचा?

अमेरिकेतील गाईगुरांची संख्या २०२५ च्या सुरुवातीला १९५१ नंतरच्या नीचांकावर गेली आणि त्या वर्षभर गोमांसाचे दर चढेच राहिले. याचा सर्वाधिक चटका ‘स्टेकहाऊस’मध्ये जेवायला जाणाऱ्यांना बसतो आहे. मेन्यूवर रिबाय, फिले मिन्याँ, स्ट्रिप, सरलॉइन अशी नावांची जंत्री असते आणि दोन नावांमधील दराचा फरक दुपटीचाही असू शकतो. हा फरक नेमका कशाचा, जास्त पैसे मोजून जास्त चव मिळते का आणि बिल आटोक्यात ठेवायचे तर काय पाहायचे, याविषयी…

स्टेक एवढा महागला कशामुळे?

या दरवाढीची सुरुवात दुष्काळापासून झाली. २०२० पासून अमेरिकेच्या पश्चिम आणि मध्य भागातील गवताळ पट्ट्याला सलग दुष्काळाचा फटका बसला. कुरणे वाळली, चाऱ्याचे दर वाढले आणि पशुपालकांनी पोसणे परवडत नाही म्हणून गाई विकून टाकल्या. दुभत्या गाई, वासरे, बैल असे सारे धरून १ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत ८ कोटी ६७ लाख गुरे उरली होती, असे तेथील कृषी खात्याची गणना सांगते.

कळप पुन्हा वाढवणे वेळखाऊ असते. कालवड कत्तलीसाठी न पाठवता वाढवायची ठरवली, तर ती साधारण दोन वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते. ते वासरू कत्तलयोग्य व्हायला आणखी दीड ते दोन वर्षे लागतात. म्हणजे आज घेतलेल्या निर्णयाचे मांस बाजारात यायला तीन वर्षांहून अधिक काळ जातो. शिवाय कालवडी राखून ठेवल्या की तेवढ्याच बाजारातून कमी होतात. त्यामुळे कळपवाढीच्या पहिल्या टप्प्यात टंचाई कमी होण्याऐवजी वाढते.

त्यात मेक्सिकोची भर पडली. एरवी तेथून वर्षाला साधारण दहा लाखांच्या घरात जिवंत गुरे अमेरिकेत येतात. ‘स्क्रूवर्म’ माशीच्या अळ्या जनावराच्या जखमेत शिरून जिवंत मांस खातात. या किडीचा फैलाव मेक्सिकोत उत्तरेकडे सरकू लागल्याने अमेरिकेने मे २०२५ मध्ये ही आयात थांबवली. जुलैच्या सुरुवातीला एका ठिकाणाहून ती सुरू झाली आणि दोनच दिवसांत पुन्हा बंद झाली. जून २०२५ मध्ये गोमांसाच्या खिम्याचा सरासरी दर पहिल्यांदाच पौंडामागे सहा डॉलरच्या वर गेला. स्टेकचा सरासरी दर त्या सुमारास ११ डॉलरच्या पुढे होता. हा किराणा दुकानातील कच्च्या मांसाचा दर आहे. रेस्तराँचा दर त्याच्या कितीतरी पट असतो.

आयात वाढवली तर स्टेक स्वस्त होईल का?

अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्जेंटिनातून जास्त गोमांस आणण्याची भूमिका घेतली, तेव्हा अमेरिकी पशुपालकांनी नाराजी व्यक्त केली. नोव्हेंबरमध्ये गोमांसाला नव्या आयातशुल्कातून सूट देण्यात आली आणि त्यानंतर ब्राझीलच्या गोमांसावरील ४० टक्के जादा शुल्कही मागे घेण्यात आले. त्याच महिन्यात ट्रम्प यांनी मांसप्रक्रिया कंपन्यांच्या चौकशीची सूचना न्याय खात्याला केली. टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चार कंपन्यांकडे धान्यावर पोसलेल्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के गुरांची प्रक्रिया एकवटली आहे.

मात्र आयात मांस आणि स्टेक यांचा संबंध तितकासा थेट नाही. अमेरिकेत बाहेरून येणारे बरेचसे गोमांस कमी चरबीचे असते. ते तेथील चरबीयुक्त मांसात मिसळून बर्गरसाठी खिमा केला जातो. त्यामुळे आयातीने बर्गरला दिलासा मिळू शकतो. पण स्टेकहाऊसमध्ये मागणी असलेले, धान्यावर पोसलेल्या जनावराचे रिबाय किंवा स्ट्रिप त्यातून फारसे वाढत नाहीत. स्टेकचा दर देशी कळपाशीच बांधलेला राहतो.

जनावर एकच, मग कटच्या दरात इतका फरक का?

जनावराचा जो स्नायू कमी राबतो तो मऊ असतो. चालणे, मान हलवणे, वजन पेलणे ही कामे खांदा, मान, मांड्या करतात. त्यांच्यातील जोडऊती जाड होतात आणि मांस चिवट बनते. पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंना त्या मानाने थोडे काम असते. म्हणून महागडे स्टेक जवळपास सगळे पाठ आणि कंबर यांच्या पट्ट्यातून येतात.

हा पट्टा लहान आहे. पाच-सहाशे किलोच्या जनावरात टेंडरलॉइन हा सर्वांत मऊ स्नायू दोन्ही बाजू मिळून काही किलोच भरतो. बाकीचे बरेच मांस खिमा, रोस्ट किंवा मंद आचेवर शिजवण्याच्या पदार्थांसाठी जाते. स्टेकच्या दरात त्यामुळे मऊपणा आणि दुर्मीळपणा यांची किंमत मोठी असते. चवीचा हिशेब वेगळा आहे. चव मुख्यतः चरबीतून आणि स्नायू किती राबला आहे यातून येते. सर्वांत महाग कट सर्वांत चविष्ट असेलच असे नाही, ही गोष्ट मेन्यूवर कुठेच लिहिलेली नसते.

महागड्या कटमध्ये काय वेगळे मिळते?

फिले मिन्याँ : टेंडरलॉइनचा निमुळत्या बाजूकडील काप. सुरीचा दाब न देताही कापला जाईल इतका मऊ. पण चरबी कमी, त्यामुळे चवही सौम्य. अनेक ठिकाणी त्याला बेकनची पट्टी गुंडाळतात किंवा वर लोणी, सॉस देतात, ते ही उणीव भरून काढण्यासाठी.

रिबाय : बरगड्यांच्या भागातील काप. मांसात चरबीच्या बारीक रेषा पसरलेल्या असतात, त्याला ‘मार्बलिंग’ म्हणतात. चरबी वितळली की मांस रसदार लागते. कडेचा अर्धगोल पदर हा अनेक खवय्यांच्या मते जनावराच्या मांसातील सर्वांत चविष्ट घास. मात्र ताटात चरबीचे तुकडे उरतात. ज्यांना ते आवडत नाही त्यांच्यासाठी हा कट नाही.

स्ट्रिप : रिबायच्या मागचा, कमरेचा भाग. न्यूयॉर्क स्ट्रिप म्हणतात तो हाच. रिबायपेक्षा चरबी कमी, फिलेपेक्षा चव जास्त. चावायला थोडा घट्ट. एका टोकाच्या दोन कटमधला हा मध्यममार्ग.

टी-बोन आणि पोर्टरहाऊस : इंग्रजी ‘टी’च्या आकाराचे हाड, त्याच्या एका बाजूला स्ट्रिप आणि दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइन. दोघांत फरक टेंडरलॉइनच्या रुंदीचा. अमेरिकी कृषी खात्याच्या निकषानुसार ती रुंदी किमान सव्वा इंच असेल तरच पोर्टरहाऊस. दोन स्नायू वेगवेगळ्या वेगाने शिजत असल्याने हा कट नीट भाजणे स्वयंपाक्याच्या कसबावर अवलंबून असते.

नावांचा एक घोळ प्रवासात त्रास देतो. ब्रिटनमध्ये ‘सरलॉइन’ मागवला तर अमेरिकेतील स्ट्रिप समोर येतो. अमेरिकेत ‘सरलॉइन’ म्हणजे त्यामागचा, पुठ्ठ्याकडचा, कमी मऊ आणि स्वस्त कट. ब्रिटनमध्ये त्याला ‘रम्प’ म्हणतात.

स्वस्त कटमध्ये चांगले पर्याय कोणते?

फ्लॅट आयर्न हे यातले ठळक उदाहरण. नेब्रास्का आणि फ्लोरिडा विद्यापीठांतील संशोधकांनी गोमांस उद्योगाच्या निधीतून खांदा आणि मांडीच्या भागातील स्नायू एकेक करून तपासले. एरवी रोस्ट किंवा खिम्यात जाणारा खांद्याचा एक स्नायू मऊपणात टेंडरलॉइनच्या खालोखाल निघाला. त्याच्या मधोमध जाड शीर असते, म्हणून तो दुर्लक्षित राहिला होता. शीर काढून दोन सपाट तुकडे करण्याची पद्धत रूढ झाली आणि २००० नंतरच्या दशकात हा कट रेस्तराँत पोहोचला.

हँगर स्टेक एका जनावरात एकच निघतो. पूर्वी खाटीक तो स्वतःसाठी ठेवत, म्हणून त्याला ‘बुचर्स स्टेक’ही म्हणतात. चव गडद, काहीशी यकृताकडे झुकणारी. स्कर्ट म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचा स्नायू, तर फ्लँक हा पोटाचा. या दोन्हींचे धागे लांब आणि स्पष्ट असतात. धाग्यांना आडवे, पातळ कापले तर मांस मऊ लागते. धाग्यांच्या दिशेने कापले तर तेच मांस चघळत बसावे लागते. चांगले रेस्तराँ हे स्टेक कापूनच वाढतात.

स्कर्टची कथा बोलकी आहे. टेक्सासच्या सीमाभागात गुराख्यांना मजुरीचा भाग म्हणून दिले जाणारे हे दुय्यम मांस. त्यातून फाहिता हा पदार्थ तयार झाला, १९७०-८० च्या दशकांत तो देशभर पसरला आणि स्कर्ट स्वस्त राहिला नाही. महागाईच्या काळात ग्राहक एखाद्या कटकडे वळले की त्याचाही दर चढतो. आजचा स्वस्त पर्याय उद्या स्वस्त असेलच, याची खात्री म्हणूनच देता येत नाही.

‘प्राइम’, ‘अँगस’, ‘वाग्यू’ या शब्दांना किती महत्त्व द्यावे?

‘प्राइम’, ‘चॉइस’ आणि ‘सिलेक्ट’ या अमेरिकी कृषी खात्याच्या श्रेणी आहेत. जनावराचे वय आणि मार्बलिंग पाहून त्या दिल्या जातात. प्राइम ही सर्वांत वरची. श्रेणी मिळालेल्या मांसात तिचा वाटा दहाव्या भागाच्या आसपास असतो आणि बहुतेक मांस चॉइस असते. ही श्रेणी घेणे कंपन्यांना सक्तीचे नाही, तिचे शुल्क त्या स्वतः भरतात. मेन्यूवर नुसते ‘प्राइम’ लिहिले असेल तर ती कृषी खात्याची श्रेणी आहे की नुसते विशेषण, हे विचारून घेतलेले बरे. ‘प्राइम रिब’ या पदार्थाच्या नावातील ‘प्राइम’चा तर श्रेणीशी संबंध असेलच असे नाही.

‘अँगस’ ही गुरांची जात आहे, दर्जा नव्हे. ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ हा १९७८ पासूनचा स्वतंत्र ब्रँड आहे आणि त्याचे स्वतःचे निकष आहेत. ‘वाग्यू’ हा जपानी गुरांच्या जातींचा समूह. अमेरिकेत वाग्यू म्हणून मिळणारे मांस बऱ्याचदा तेथील गुरांशी संकर केलेल्या जनावरांचे असते. ‘कोबे’ हे त्याहून काटेकोर नाव असून ते जपानच्या ह्योगो प्रांतातील ताजिमा वंशाच्या गुरांपुरते मर्यादित आहे. खरे कोबे अमेरिकेत अगदी मोजक्या रेस्तराँतच मिळते.

श्रेणीचा फायदा कटनुसार बदलतो. रिबाय आणि स्ट्रिपमध्ये मार्बलिंगमुळे चव ठळकपणे सुधारते, तेथे प्राइमसाठी जास्त पैसे मोजण्याला अर्थ आहे. फिले मूळचाच मऊ आणि कमी चरबीचा. तेथे चॉइस आणि प्राइममधला फरक जिभेला कमी जाणवतो, बिलात मात्र दिसतो.

वजन आणि हाड यांचा हिशेब कसा करायचा?

मेन्यूवरील औंस हे शिजण्यापूर्वीचे वजन असते. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. भाजताना पाणी आणि चरबी निघून साधारण पाव वजन घटते. हाडासह मिळणाऱ्या कटमध्ये हाडाचे वजनही धरलेले असते. समजा, १६ औंसांचा हाडासह रिबाय ६४ डॉलरला आणि १२ औंसांचा बोनलेस रिबाय ५४ डॉलरला आहे. वरवर पाहता पहिला औंसामागे चार डॉलर, दुसरा साडेचार. पण पहिल्यात चार औंसांचे हाड असेल तर खाण्याजोगे मांस १२ औंसच उरते आणि त्याचा दर औंसामागे पाच डॉलरच्या वर जातो. ‘टोमाहॉक’ म्हणजे लांब बरगडी तशीच ठेवलेला रिबाय. त्यात हा फरक आणखी वाढतो. तो छायाचित्रात उठून दिसतो, पण त्या देखाव्याचे पैसे बिलात असतात. अमेरिकेत बिलाच्या टक्क्यांत टिप देण्याची रीत असल्याने महाग कटबरोबर टिपही वाढते.

दुसरा बदल लवकर लक्षात येत नाही. गुरे कमी झाली तरी एकेका जनावराचे वजन वाढते आहे. मोठ्या जनावराच्या रिबायचा घेर मोठा असतो. रेस्तराँने १२ औंसच वाढायचे ठरवले, तर काप पातळ करावा लागतो. पातळ काप बाहेरून खरपूस होईपर्यंत आतून जास्त शिजून जातो. म्हणून जाडी विचारणे गैर नाही. सव्वा ते दीड इंच जाडीचा एक स्टेक दोघांत वाटून घेणे हे दोन पातळ स्टेकपेक्षा अनेकदा चांगले ठरते आणि स्वस्तही.

किती शिजवायला सांगायचे?

कट निवडल्यावर हा प्रश्न येतोच आणि दोन्हींची सांगड घालावी लागते. ‘मीडियम रेअर’ म्हणजे आतले तापमान साधारण ५४ ते ५७ अंश सेल्सिअस, ‘मीडियम’ म्हणजे ६० च्या आसपास आणि ‘वेल डन’ म्हणजे ७० च्या पुढे. फिले वेल डन केला तर कोरडा पडतो. मऊपणासाठी मोजलेले पैसे वाया जातात. रिबायमध्ये चरबी वितळायला उष्णता लागते, त्यामुळे तो मीडियमपर्यंत नेला तरी चालतो. स्कर्ट आणि हँगर मीडियमच्या पुढे गेले की चिवट होतात. आतून लाल किंवा गुलाबी भाग अजिबात नको असलेल्यांनी महागडा फिले मागवण्यापेक्षा जास्त चरबीचा कट किंवा मंद आचेवर शिजवलेला ‘शॉर्ट रिब’सारखा पदार्थ घेणे शहाणपणाचे. ताटात उतरणारा लाल द्रव रक्त नसतो. मायोग्लोबिन या प्रथिनामुळे पाण्याला तो रंग येतो.

सुरक्षिततेचा मुद्दाही आहे. अखंड मांसाच्या तुकड्यात जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि भाजताना ते मरतात. पण चिवट कट मऊ करण्यासाठी यंत्राच्या पात्यांनी टोचला असेल, तर पृष्ठभागावरचे जिवाणू आत जाऊ शकतात. अमेरिकेत मे २०१६ पासून अशा मांसाच्या वेष्टनावर तसे नमूद करणे बंधनकारक आहे. मात्र वेष्टन स्वयंपाकघरातच राहते, ग्राहकाच्या टेबलावर येत नाही. कृषी खाते स्टेकसाठी ६३ अंश तापमान आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती सुचवते. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मीडियम रेअर टाळावा. स्वस्त स्टेक कमी शिजवून मागवताना तो टोचलेला आहे का, हे कोणीही विचारावे.

महाराष्ट्र आणि गोव्यात काय परिस्थिती?

महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. मार्च २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने वळू आणि बैलांनाही संरक्षण मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी कायम ठेवली; मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. गोमांसाच्या आयातीलाही देशात परवानगी नाही. त्यामुळे मुंबई-पुण्यातील मेन्यूवर दिसणारा ‘टेंडरलॉइन स्टेक’ म्हशीच्या मांसाचा असतो. खाटकाकडे तोच ‘अंडरकट’ या नावाने मिळतो. म्हशीच्या मांसात मार्बलिंग फारसे नसते. त्यामुळे रिबाय किंवा स्ट्रिपपेक्षा अंडरकटवरच भर असतो आणि सोबतच्या सॉसला महत्त्व येते. अमेरिकी श्रेणी येथे लागू होत नाहीत.

गोव्यात गाईच्या कत्तलीला बंदी आहे. बैल आणि म्हशीचे मांस परवानगीच्या चौकटीत मिळते. हा पुरवठा बराचसा शेजारच्या कर्नाटकावर अवलंबून असल्याने तेथील कायदा २०२१ च्या सुरुवातीला कडक झाला, तेव्हा गोव्यात टंचाई जाणवली होती. पुरवठ्याची साखळी तुटली की ताटावर परिणाम होतो, हे अमेरिकेइतकेच गोव्यालाही लागू आहे.

मग मागवायचे काय?

मऊपणा हवा असेल आणि खर्चाची तयारी असेल तर फिले. पण तो मीडियमच्या पुढे नेऊ नये. चव हवी असेल तर रिबाय. तो प्राइम आणि बोनलेस असेल तर पैसे सत्कारणी लागतात. दोन्ही थोडे थोडे हवे असेल तर स्ट्रिप. बिल आवरायचे असेल तर फ्लॅट आयर्न, हँगर किंवा सरलॉइन, आणि जाड स्टेक दोघांत एक. मागवण्यापूर्वी वेटरला चार गोष्टी विचारायला संकोच नको : श्रेणी कोणती, जाडी किती, वजनात हाड धरले आहे का आणि मांस यंत्राने टोचलेले आहे का. अमेरिकेतील कळप भरून निघायला अजून काही वर्षे लागणार असल्याने दर लगेच उतरण्याची शक्यता कमी आहे. तोवर नाव आणि दर पाहून निवड करण्यापेक्षा पैसे मऊपणाचे, चवीचे की हाडाचे मोजतो आहोत, हे पाहून केलेली निवड ग्राहकाच्या फायद्याची ठरेल.